एकोणचाळीस पोरं, चाळीस हात

आमच्या वानखडे सरांना संविधान तोंडपाठ, पण मोजता येत नाही, असं चांदूर बाजारच्या आमच्या शाळेत आम्ही सगळे शिक्षक म्हणायचो. यंदा नववी 'ब'मध्ये पोरं एकोणचाळीस. सरांच्या मोजणीत हात मात्र चाळीस.

सर शिकवायचे इतिहास, पण पानिपतावरून निघाले तरी घंटेआधी मूलभूत हक्कांपाशी पोचायचे. आणि मतदान कशावरही. खिडकी लावायची का, मतदान. गृहपाठ द्यायचा का, मतदान. तिथं सर हमखास पडायचे. "लोकशाही हाय बाप्पा, सोसा लागते," म्हणत खडू ठेवून द्यायचे. हात मोजताना त्यांचं बोट शेवटी खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर थांबायचं. तिथलं मत कधी बाजूनं पडायचं, कधी विरोधात.

"सर, ते बाक कोणाकडून आहे हे कळतं कसं?" मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"हात दिसते ना," सर म्हणाले. वर्गात कोणीच हसलं नाही.

मी भूगोलवाला. नसलेलं बेट नकाशावर दाखवलं तर मला नोटीस मिळेल. म्हणून सर निवृत्त होताना त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला, तेव्हा पहिलं ते बाक काढायचं मी ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी मधल्या सुट्टीत सर मला त्याच बाकापाशी घेऊन गेले.

"पवार सर, हे बाक हलवू नका. रंजना बसे इथं. लय वर्सं झाले. मी हक्क शिकवून राहिलो होतो, तिनं हात वर केला. मी म्हटलं, धडा संपू दे, मंग विचार. पोरगी हात वर धरून बसली. घंटा झाली अन् मी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी समजलं, घरच्यांनी तिचं लगन लावून देलं. वर्षभरात बाळंतपणात गेली."

सर बाकावरची धूळ रुमालानं पुसत होते.

"तिले काय विचारायचं होतं, मले अजून मालूम नाई. पन हात तिनं खाली नाई केला. तुमी विचारसान ना तिले?"

 निरोपाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणालो.

सोमवारी मी पहिला तास घेतला. शेवटी विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" एकही हात वर नव्हता. पुस्तक मिटलं, घंटा झाली. पण कोणी दप्तर आवरेना. सगळी पोरं मान वळवून खिडकीकडच्या बाकाकडे बघत होती.

"सर," पुढची एक मुलगी हळूच म्हणाली, "तिचा हात वर हाय."

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? दार दोन पावलांवर होतं. पण वानखडे सर इतकी वर्षं रोज त्याच दारातून कसे बाहेर पडत असतील, या विचारानं मी दाराकडे पाठ केली. मी मागे गेलो आणि त्या बाकापाशी उभा राहिलो.

"बोल बाई," म्हणालो, "मी कुठं जात नाही."