पुलात राम राहिला नाही

हिंगाचा डबा सापडेना, तेव्हा रजनीबाईंनी फोडणी खाली उतरवली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "अहो, हिंग कुठाय?"

"उंचीप्रमाणे लावलेत डबे," गोपाळकृष्णराव तिथूनच म्हणाले. "हिंग सगळ्यात बुटका. डावीकडून पहिला."

डावीकडून पहिला डबा खायच्या सोड्याचा निघाला. पण हे कळलं सोडा आमटीत पडल्यावर. आमटीत आमसुलं होती. ती फसफसून वर आली, पातेल्याबाहेर पडली आणि शेगडी विझवून ओट्यावरून थेट रजनीबाईंच्या पायाशी येऊन थांबली.

"डावीकडून म्हणजे माझ्या डावीकडून," गोपाळकृष्णराव दारात येऊन म्हणाले. "खिडकीकडून बघितल्यावर."

रजनीबाई पोतेरं घेऊन खाली बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एक शिकून घेतलं होतं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरशी डाव्या-उजव्यावरून वाद घालायचा नसतो.

खरं दुखणं हिंगाचं नव्हतंच. वर्षानुवर्षं गोपाळकृष्णराव दुपारचा चहा झाला की वलवणच्या क्लबात पूल खेळायला जात. हिरव्या टेबलावरचे रंगीत चेंडू काठीने भोकात ढकलायचे, असा तो खेळ. ते अंधार पडताना परतत, हरले असले तर भांडत-भांडत आणि जिंकले असले तर शीळ घालत. तेवढा वेळ घर रजनीबाईंचं एकटीचं असे. त्या पाय पसरून पडत, बहिणीला फोन लावत, नाहीतर नुसत्याच छताकडे बघत. मग गोपाळकृष्णरावांची पंचाहत्तरी आली. क्लबाने शाल आणि श्रीफळ दिलं, भाषणं झाली, आणि त्या दिवसापासून त्यांना कुणी हरवेना. शाल पांघरलेल्या माणसाला हरवायचं कसं? जो तो आदराने चुकायला लागला. दातांचे डॉक्टर सुश्रुत तर चेंडू भोकाच्या तोंडाशी आणून ठेवत आणि म्हणत, "काका, तुमचा हात म्हणजे हात!"

"त्यात आता काही राम राहिला नाही," म्हणून गोपाळकृष्णरावांनी जाणं सोडलं आणि आपली सगळी कर्तबगारी घरात लावली. डबे झाले, पडद्याचे दांडे पाणसळ लावून समपातळीत आणून झाले, आणि काल तर रजनीबाई चकल्या पाडताना ते मागे उभं राहून वेढे मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याच्या कस्तुराबाई दूध घेऊन आल्या. रजनीबाईंचा चेहरा बघून त्यांनी किटली खाली ठेवली.

"वयनी, त्वांड का उतारलं?"

"काय सांगू कस्तुराबाई! यांचं पुलातलं मनच उडालंय. म्हणतात, पुलात आता काही राम राहिला नाही."

कस्तुराबाईंचं माप हवेतच थांबलं. "सायब म्हनले असं?"

"रोज म्हणतात."

"कवापासनं?"

"पंचाहत्तरी झाली तेव्हापासून."

"आन तुमी आत्ता सांगताय व्हय!" असं म्हणून कस्तुराबाई अर्धं दूध तसंच ठेवून लगबगीने निघाल्या. रजनीबाईंना भरून आलं. आपल्या नवऱ्याच्या खेळाची एवढी काळजी क्लबातल्या लोकांनासुद्धा नव्हती.

आता औंढ्याच्या ओढ्यावर एक पूल आहे, आणि तो गोपाळकृष्णरावांनी नोकरीत असताना उभा केलेला आहे. औंढ्यात त्यांना अजून 'पुलाचे सायब' म्हणतात. त्याच नावाचा एखादा खेळही असतो, हे त्या गावाला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि कस्तुराबाई दूध घालतात ते पुलाच्या सायबांच्या घरी.

संध्याकाळी कस्तुराबाईंचे यजमान अंबाजी चार माणसं घेऊन आले. पायताणं बाहेर काढून ओळीने सतरंजीवर बसले. पोक्त माणसं विषयाला एकदम हात घालत नाहीत. भाताचं झालं, थंडीचं झालं, मग अंबाजींनी खाकरून विचारलं, "सायब, पुलाचं कानावर आलं. खरं हाय का?"

ही बातमी औंढ्यापर्यंत गेली याचं गोपाळकृष्णरावांना नवल वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. "खरं आहे," ते म्हणाले. "मी सोडला नाद."

"राम न्हाई म्हंता त्यात?"

"अजिबात नाही. वरवर सगळं छान दिसतं, अंबाजी. आत नुसतं पोकळ."

"पोकळ!" चौघे एकदम म्हणाले.

"माझी तर त्याकडे बघायचीसुद्धा इच्छा नाही."

"मंग आमी मोठ्या मानसांनी काय करायचं?"

"तुम्ही? तुम्ही कशाला त्या फंदात पडता या वयात?"

"आन पोरंबाळं?"

"पोरांना तर मुळीच पाठवू नका," गोपाळकृष्णराव कळवळून म्हणाले. "त्यांनी शाळेत जावं."

"शाळा पल्याड हाय, सायब," एकजण पुटपुटला. पण अंबाजींनी त्याला कोपराने गप्प केलं. माणसं उठली, चहासुद्धा न घेता गेली.

"बघितलंस?" गोपाळकृष्णराव बायकोला म्हणाले. "क्लबातल्यांपेक्षा खेड्यातल्या माणसाला कळतं."

दोन दिवस दूध आलं नाही. रजनीबाईंनी कोरा चहा केला. तो कोरा का, हे विचारायला गोपाळकृष्णराव स्वयंपाकघरात आले आणि जाताना चमच्यांचा क्रम लावून गेले. तिसऱ्या दिवशी सत्यम आला. हा कस्तुराबाईंचा पुतण्या, वलवण धरणाजवळ एका बंगल्याची राखण करतो.

"काकीचा निरोप हाय. दूध आता यायचं न्हाई. पूल बंद क्येला गावानं. काट्या टाकल्यात दोनी बाजूंनी."

"अगं बाई! आणि अनिताचं लग्न?" रजनीबाईंनी विचारलं. अनिता ही कस्तुराबाईंची एकुलती लेक. लग्न येत्या गुरुवारी होतं. दारात मांडव पडलेला, अंगण सारवून झालेलं.

"त्येच तर. नवऱ्याचा मामा हाय ना कामशेतचा, दत्तोबा, त्यो म्हंतो पोकळ पुलावरनं वऱ्हाड आनायचं न्हाई. लगीन कामशेतात कार्यालयात लावा. काकी दोन दिस जेवली न्हाई. लेकीचं लगीन सवताच्या दारात करायचं, ह्ये एकच मागनं व्हतं तिचं."

वर्तमानपत्र खाली आलं. "कोण म्हणतो माझा पूल पोकळ?"

"तुमीच की सायब," सत्यम म्हणाला.

औंढ्याच्या पुलावर पोचेपर्यंत रजनीबाईंना सगळा उलगडा झाला होता आणि त्या रिक्षात पदराआड तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांनाही कळत नव्हतं. गोपाळकृष्णराव मात्र पेटले होते. त्यांनी काट्या लाथेने बाजूला केल्या, पुलाच्या मधोमध गेले आणि दोन्ही पायांनी उड्या मारायला लागले.

"सायब, नगा! पडंल!" काठावरून सगळा गाव ओरडला.

"पडत नाही! बापजन्मात पडायचा नाही! अरे, मी बोललो ते पुलाबद्दल!"

"आमीबी त्येच म्हंतोय," अंबाजी म्हणाले.

"हा पूल नाही! तो पूल! खेळायचा!"

गावाने एकमेकांकडे बघितलं. सत्यमच्या डोक्यात मात्र उजेड पडला. "काका, कळलं! आमच्या बंगल्यात हाय ना, पोहायचा हौद. पावनी मानसं त्याला पूलच म्हंतात. सायब हौदात खेळत असत्याल."

"हौद नव्हे! काठीने खेळतात तो!"

"हौदात काठी कशापायी?" एका म्हातारीने विचारलं. "बुडत्यात का?"

"पाणी नसतं त्यात! चेंडू असतात!"

"बिनपान्याच्या हौदात चेंडू," अंबाजी हळू आवाजात म्हणाले, आणि मान हलवत मागे वळले. "सायबांनी लय मनाला लावून घ्येतलं. सारवासारव करत्यात आता. चौकशी लागंल म्हून भ्याले."

कस्तुराबाई गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या. त्या रजनीबाईंजवळ आल्या. "वयनी, तुमी कवा खोटं बोलला न्हाई. पर डोळ्यानं बघितल्याबिगर त्यो दत्तोबा ऐकायचा न्हाई. असा खेळ खरंच असंल तर दावा. त्याच्याम्होरं दावा."

अशा रीतीने त्या दुपारी वलवणच्या क्लबाच्या दारात एक टेंपो थांबला आणि त्यातून निम्मं औंढे आणि कामशेतचे दत्तोबा उतरले. दत्तोबा तरुणपणी कुस्त्या मारलेले. मान अजून खांद्यात रुतलेली. त्यांनी हिरव्या टेबलाभोवती एक फेरी मारली, चेंडू हातात घेऊन जोखला आणि हुकूम केला, "लावा जोड."

डॉक्टर सुश्रुतना हाताला धरून आणलं. पहिले दोन-तीन चेंडू गेले. मग सुश्रुतनी भोकाजवळचा चेंडू अलगद चुकवला आणि म्हणाले, "वा काका! तुमचीच पाळी."

"थांबा!" दत्तोबा गरजले. "ही नुरा कुस्ती हाय! डाक्टर मुद्दाम चुकला."

"छे छे, तसं नाही..."

"आमी काय आंधळे हाय? एवडं गाड्याच्या चाकावानी भोक आन तुमाला घावंना?"

कस्तुराबाईंनी पदर खोचला. "डाक्टर, आमच्या दाताला बी असंच करता व्हय? नेम एकावर, आन उपटायचा भलताच?"

सगळा क्लब हसला. सुश्रुतचे कान लाल झाले. त्यांनी काठीला निळा खडू लावला, वाकले आणि लागोपाठ असे चेंडू घातले की गोपाळकृष्णरावांचं तोंड उघडंच राहिलं. शाल मिळाल्यापासून त्यांच्यावर असा अन्याय कुणी केला नव्हता. त्यांनी स्वेटर काढून रजनीबाईंच्या अंगावर फेकला. चष्मा पुसला. पुढच्या फटक्याला त्यांचा चेंडू गेला, तशी औंढ्याने शिट्टी मारली. मग सुश्रुतचा गेला. मग "बाही लागली चेंडूला! फाऊल!" म्हणून गोपाळकृष्णराव ओरडले, "नाही लागली काका!" म्हणून डॉक्टर ओरडले, आणि बाही लागली की नाही यावर गावात दोन तट पडले.

शेवटचा काळा चेंडू डॉक्टरांनी घातला. अंबाजींनी डोक्यावरची टोपी काढली. "सायब हरलं. आता लगीन?"

"परत लाव!" गोपाळकृष्णरावांनी टेबलावर हात आपटला. "परत लाव, डॉक्टर! बाही लागली होती म्हणजे होती!"

रजनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. केस विस्कटलेले, नाकाच्या शेंड्यावर निळा खडू, आणि डोळ्यांत ते भांडण, जे महिनाभर कुठे गेलं होतं देव जाणे.

दत्तोबांनीही तेच बघितलं असावं. "खेळ खरा हाय," त्यांनी निकाल दिला. "सोंग करनारा मानूस हरल्यावं एवडा भांडत न्हाई. पोकळ म्हनले ते ह्येच. वऱ्हाड पुलावरनं यील. पर एक. म्होरं सायबांनी चालायचं."

"चालीन, चालीन," गोपाळकृष्णराव मान वर न करता म्हणाले. ते चेंडू मांडत होते.

गुरुवारी सकाळी ते "एकच डाव टाकून येतो" म्हणून गेले. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं होतं.

वऱ्हाड पुलाशी येऊन उभं राहिलं. बँडवाले गाल फुगवून थांबले. पलीकडे मांडवात भटजी घड्याळ बघत होते, आणि अलीकडे दत्तोबा कठड्यावर ठाण मांडून बसले होते. "सायब आल्याबिगर पाऊल उचलायचं न्हाई." रजनीबाईंनी फोन लावून बघितला. बंद. पलीकडच्या काठावर कस्तुराबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. वाऱ्याने विझू नये म्हणून ताटातल्या निरांजनाला त्या पदराचा आडोसा करत होत्या, ते इकडून दिसत होतं.

रजनीबाईंनी फोन पिशवीत टाकला. "बसा तुम्ही," त्या दत्तोबांना म्हणाल्या. "माणूस पूल बांधतो तेव्हा त्याची बायकोही त्यात गाडलेली असते. मी चालते."

त्यांच्या लेकाला, श्रीयशला, गोवर निघाला होता तेव्हा त्याचा बाप या पुलाची स्लॅब भरत होता. मध्येच सोडता येत नाही, असा निरोप आला होता. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन रजनीबाईंनी त्या वेळी या न बघितलेल्या पुलाला सवतीसारख्या शिव्या दिल्या होत्या. पुढे कधी तो बघायला म्हणून त्या आल्याच नाहीत; परवा आल्या त्याही काट्यांच्या गडबडीत. आज त्यांनी काठाचं लुगडं सावरलं आणि पाऊल टाकलं. मागे बँड सुरू झाला. मधोमध आल्यावर त्या थांबल्या, कठड्यावर हात ठेवून खाली वाकल्या. ओढ्याचं पाणी निवळशंख होतं, कठडा उन्हाने कोमट झाला होता. बांधलाय मात्र बेतशीर, त्यांना वाटलं.

"वयनी, म्हूर्त!" मागून दत्तोबा ओरडले. ते आता वऱ्हाडाच्या अगदी पुढे होते.

गोपाळकृष्णराव पंगतीच्या वेळेला आले. तोंड अपराधी करायचा प्रयत्न करत होते, पण जमत नव्हतं. "दोनदा हरलो," ते बायकोच्या कानात म्हणाले. "दोनदा! चुरशीने!" रजनीबाईंनी त्यांच्या पानात जिलबी वाढली आणि बाकीचं घरी बघायचं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात दुपारचा चहा झाला, गोपाळकृष्णराव काठी घेऊन निघून गेले आणि घर एकदाचं रिकामं झालं. रजनीबाईंनी उशी घेतली, पाय पसरले, आणि बेल वाजली. दारात कस्तुराबाई. बरोबर त्यांच्याच भावकीतली हिरा, हातात अक्षत.

"वयनी, हिच्या लेकीचं लगीन धरलंय. पावनी मंडळी म्हंत्यात, पूल मजबूत हाय त्ये कळलं, पर वऱ्हाडाम्होरं रजनीबाई चालल्या पायजेत. अनिताचं लगीन कसं निर्विघ्न झालं! आता गावात त्येच पडलंय. मार्गशीर्षात अजून तीन हायत."

रजनीबाईंनी उशीकडे बघितलं. मग उठून कपाट उघडलं आणि साड्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, "येईन. पण बँडवाल्याला सांगा हो, जरा सावकाश वाजव म्हणावं. मागच्या खेपेला पूल फार लवकर संपला."