कवळीच्या कारखान्यातली रिकामी जागा

"परदेशी कारागीर आणण्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजणारा मालक आणि स्वतःला घास भरवायला नोकर ठेवणारा मालक, या दोघांत मला तरी तिळमात्र फरक दिसत नाही!"

असे नानांनी भर कारखान्यात जाहीर केले, तेव्हा टेबलावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडेसुद्धा आ वासून ऐकत होते.

नानांचा कारखाना दातांचा. दंतवैद्यांनी मापे पाठवावीत आणि नानांनी कवळ्या व सुटे दात करून द्यावेत, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवहार. दातांच्या मजबुतीविषयी कोणी ब्र काढीत नसे. तक्रार होती ती रंगाची. शहरातल्या सर्वांत मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एके दिवशी स्पष्टच सांगितले, "नाना, तुमचे दात न्हाणीघराच्या फरशीसारखे दिसतात. पेशंट हसला की मला साफसफाई आठवते! रंग जमणारा माणूस आणा, नाहीतर मी दुसरीकडे काम देते." हा दवाखाना हातचा गेला असता, तर कारखान्याचे निम्मे काम गेले असते.

रंग जमणारा माणूस सापडला होता. फक्त तो परदेशात होता. त्याने नमुन्यादाखल पाठवलेला दात असा काही अस्सल होता की तो टेबलावर पाहताच काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, दचकून म्हणाल्या होत्या, "अगंबाई! कोणाचा पडला?"

काकू कारखान्याचा हिशेब पाहत. बिनपगारी, अर्थात. व्हिसाच्या खर्चाचा कागद त्यांच्यापुढे आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. अर्जाची फी, मालकाच्या परवान्याची फी, कौशल्यकर, आरोग्यकर, आणि निकाल लवकर हवा असल्यास लवकरपणाची वेगळी फी!

"अहो, माणूस आणताय की पूल बांधताय?"

"कुशल माणूस आहे. कुशल माणसाला किंमत असते."

"आणि अर्ज नामंजूर झाला तर हे परत मिळतात?"

"नाही. पण नामंजूर व्हायला अर्ज चुकावा लागतो, आणि माझा अर्ज चुकणार नाही!"

आणि खरोखरच, अर्जात नानांनी स्वल्पविरामाचीसुद्धा चूक केली नाही. नियमावली त्यांनी लोक कादंबरी वाचतात तशी वाचली. तिच्यात दोन कलमे मुख्य होती. परदेशी माणसाला दिला जाणारा पगार सरकारने ठरवलेल्या रकमेहून कमी नसावा, हे एक. आणि स्थानिकांनाही संधी मिळावी म्हणून त्या जागेची जाहिरात पगारासह कामाच्या ठिकाणी दर्शनी भागी लावावी, हे दुसरे. एखादा मध्यस्थ असता तर त्याने आधी घरच्या माणसांना विश्वासात घ्यायला सांगितले असते. नानांनी ते केले नाही. त्यांनी ठसठशीत अक्षरांत जाहिरात लिहिली आणि कारखान्यात ज्या एका जागी प्रत्येकाची नजर दिवसातून अनेकदा जाते तिथे, चहाच्या किटलीच्या वर, आपल्या हाताने चिकटवली!

दुपारच्या चहाला पॉलिशच्या चाकावर आयुष्य घासलेल्या घासूकाकांनी पगाराचा आकडा वाचला आणि चहा तसाच खाली ठेवला.

"नाना, हा महिन्याचा आहे की वर्षाचा?"

"महिन्याचा. सरकारी नियम आहे, काका."

"अस्सं!" घासूकाका म्हणाले. "मग माझाही अर्ज लिहून घ्या."

त्यांच्या मागोमाग मेणाचे साचे करणाऱ्या मेणताईंचा अर्ज आला. नाना संतापले, समजावू लागले, वाद घालू लागले. पण नियमावलीच त्यांच्या आड आली. प्रत्येक स्थानिक उमेदवाराची परीक्षा घेणे सक्तीचे होते, आणि तीही सरकारी अधिकाऱ्यासमोर! शेवटचा अर्ज पाहून तर त्यांची दातखीळच बसायची राहिली.

"अगं, तू?"

"का? मी स्थानिक नाही?" काकूंनी शांतपणे विचारले.

परीक्षेच्या दिवशी अधिकारी मॅडम आल्या. प्रश्न सोपा होता: समोरच्या माणसाच्या दाताशी हुबेहूब जुळणारा दात रंगवून, भट्टीतून काढून दाखवायचा. समोरचा माणूस म्हणून नाना स्वतःच खुर्चीत बसले. मॅडमनी त्यांचे ओठ मागे सारले, तोंडात कापसाचे बोळे बसवले आणि बजावले, "निकाल लागेपर्यंत तोंड मिटायचं नाही. बोलायचंही नाही."

जन्मभर वादात न हरलेल्या माणसावर असा प्रसंग कधी आला नव्हता!

घासूकाकांचा दात इतका लखलखीत होता की मॅडमनी त्यात पाहून केस सारखे केले. मेणताईंचा दात मक्याच्या दाण्यासारखा पिवळाधमक! नानांचे डोळे समाधानाने मिटले. मग मॅडमनी काकूंचा दात नानांच्या दातापाशी धरला, आणि चष्मा वर सारून दोन्ही दात आळीपाळीने निरखले.

"कमाल आहे! यांतला खरा कोणता?"

"आँ!" नाना म्हणाले.

"हलू नका. बाई, तुम्ही हे शिकलात कुठे?"

"शिकायचं काय त्यात? रोज समोर बसून वाद घालतात. ते काय बोलतात तिकडे मी कधीच लक्ष दिलं नाही. पण दात मात्र पाठ झाला."

"म्हणजे जागा भरली! परदेशी माणसाची गरजच नाही."

पाठ झालेल्या एका दातावर दवाखाना टिकणार नव्हता! नानांच्या डोळ्यांपुढे तो गेला, सगळ्या फिया गेल्या, आणि ते खुर्चीचे हात घट्ट धरून "आँ! आँ!" असा आक्रोश करू लागले.

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग मॅडमना म्हणाल्या, "खरं सांगू? मला हा एवढाच दात येतो. दुसऱ्या कोणाचा सांगाल तर जमायचा नाही."

मॅडमनी काकूंना घासूकाकांच्या तोंडातल्या दाताशी जुळणारा दात करायला लावला. तो जांभळट झाला!

"तिघेही अनुत्तीर्ण. निकाल उमेदवारांना मान्य आहे? तिघांच्या सह्यांशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही."

घासूकाकांनी खाकरून घसा साफ केला. "मान्य करू की, मॅडम. पण नवा माणूस शेजारी बसून तेवढा पगार घेणार, तर आमच्याही पगाराकडे मालकांनी जरा बघावं. आणि काकूंनाही पगार सुरू व्हावा."

"आँ!" नाना खुर्चीतून अर्धे उठले.

"हो म्हणताहेत," काकूंनी अर्थ सांगितला. "इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं."

तिघांनीही सही केली.

व्हिसा मिळाला. कारागीर आला, हसरा, अबोल, दिवसभर ब्रशाचे टोक ओठांत धरून रंग लावणारा. डॉक्टरीणबाईंनी पहिली कवळी पाहून दुप्पट काम पाठवले. घासूकाका त्याला पॉलिशचे बारकावे दाखवू लागले आणि मेणताई त्याच्याकडून रंग शिकू लागल्या. कारखाना असा काही खुशीत चालला की नानांनी त्याचेही श्रेय नियमावलीच्या वाचनाला दिले.

महिन्याच्या अखेरीस काकूंनी पगाराची पाकिटे वाटली. नानांनी आपले पाकीट हातात घेऊन तोलले, मग इतरांच्या पाकिटांकडे पाहिले.

"अगं, सगळ्यांत बारीक पाकीट माझं कसं?"

"सगळ्यांना वाढ दिली ना तुम्ही. स्वतःसाठी कुठे मागितली?"

"मग आता मागतो!"

"आता मागून काय उपयोग?" काकू स्वतःचे पाकीट पर्समध्ये ठेवत म्हणाल्या. "व्हिसा तर मिळून गेला!"