सुहू कुस्तिनींचे एक हजार एकशे चौदा सल्ले

दुसऱ्याला मदत केल्याने ज्ञान वाढते, हे सर्वमान्य आहे. ते आधी असावे लागते, अशी अट कुठेही नाही.

इंडोनेशियातल्या सालातिगा शहरातल्या एका शाळेच्या कचेरीतल्या कुस्तिनीबाई, म्हणजे तिकडच्या रीतीने बू कुस्तिनी, याचा चालताबोलता पुरावा होत्या. 'बिघडलेल्या संगणकांचे सगेसोयरे' या ऑनलाइन समूहात त्या शिरल्या, तेव्हा चारचौघांत त्यांचा आवाज घशातच बसायचा. समूहाचे सदस्य एक्केचाळीस हजार. पैकी विचारणारे तीनशे, सांगणारे बारा, उरलेले 'वाचतोय' एवढंच लिहून मांडी ठोकून बसलेले. विचारणाऱ्याने 'परवानगी असावी, सुहू' म्हणून सुरुवात करायची. सुहू म्हणजे गुरूंचा गुरू. ही पदवी उत्तर देताक्षणी मिळते. (ते बरोबर निघण्याची वाट पाहावी लागत नाही.)

पहिल्या दिवशी बूंनी भीत भीत लिहिलं, 'बंद करून परत चालू करा.' पलीकडून आलं, 'उपकार झाले, सुहू!' त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारात रांग मोडणाऱ्या एका धटिंगणाला मागे पाठवलं.

दोन वर्षांत सल्ले झाले एक हजार एकशे चौदा. त्यांतले तीनशे सहा एकच होते: 'संगणकाची पेटी उघडा, मेमरीची पट्टी काढा, खोडरबराने घासा, परत बसवा.' तो त्यांनी दुसऱ्या सुहूंकडून उचलला होता, दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडून. पेटी मात्र बूंनी एकदाही उघडली नव्हती. (पोटाचा डॉक्टर तरी स्वतःचं पोट कुठे उघडतो?)

कीर्ती मुख्याध्यापक पाक तारमुजींच्या (पाक म्हणजे तिकडचे 'साहेब') कानी गेली. "घरात सुहू असताना बाहेरचा कशाला?" म्हणत त्यांनी दुरुस्तीवाल्याला कायमचा निरोप दिला.

मग तो शुक्रवार आला. परीक्षेला बसणाऱ्या दोनशे बारा मुलांची नावं तीनच्या आत जिल्हा कचेरीत पाठवायची होती. नावं एकाच संगणकात होती. दीड वाजता त्याने लांबलचक भोंगा दिला आणि पडदा काळा केला.

"काय झालं, बू?"

"काही नाही, पाक. विचार करतोय तो."

"जरा लवकर करायला सांगा त्याला. नावं गेली नाहीत तर दोनशे बारा आया येतील. त्यांच्यापुढे तुम्ही उभ्या राहा. माझी प्रकृती बरी नाही."

सुहूने प्रश्न विचारल्याचं समूहाच्या इतिहासात उदाहरण नाही. म्हणून बूंनी मोबाइलवर 'नवखा पारजो' असं नाव घेतलं आणि लिहिलं, 'परवानगी असावी, सुहू. भोंगा वाजतो, पडदा काळा. घाई आहे.'

चार मिनिटांत अकरा सुहू धावून आले. आठ जणांनी 'आधी शोधा, मग विचारा' असा दिलासा दिला. दोघांनी नवा संगणक घ्यायला सांगितलं. अकरावे म्हणाले, "पारजो, बाळा, हातांना मेंदी लावून बसलायस का? सुहू कुस्तिनींनी हे तीनशे वेळा सांगितलंय. त्या बाईंचं डोळे मिटून ऐक." सोबत बूंचंच उत्तर बूंना पाठवलं होतं.

बूंनी वीज काढली, पेटी उघडली. आत धुळीची दुलई. खोडरबर फिरलं, एक घासणं, दोन घासणी, पट्टीचे सोनेरी दात लखलखले. पट्टी बसवली, संगणक चालू केला. भोंगा!

त्या तीनशे सहा जणांचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

दोन वाजून वीस. पुन्हा वीज काढली, पुन्हा पट्टी. या खेपेला दोन्ही अंगठे टेकवले, श्वास धरला, दाबलं. एका टोकाला खट्. दुसऱ्या टोकाला, बऱ्याच आढेवेढ्यांनंतर, खट्. चालू केलं. पडदा उजळला. दोन एक्कावन्नला दोनशे बारा नावं रवाना झाली.

"मला खात्री होतीच," पाक तारमुजी म्हणाले. (पिशवी खांद्यावर होती, पाय उंबऱ्याबाहेर.)

त्यांना निरोप देऊन बूंनी समूहात स्वतःच्या नावाने लिहिलं: 'दुरुस्ती. वीज आधी काढा. पट्टी दोन्ही टोकांना खट् वाजेपर्यंत दाबा. हे मी आज पहिल्यांदा केलं. तीनशे सहा जणांनी माफ करावं.' एक हजार एकशे पंधरा सल्ल्यांतला हा पहिलाच हाताने शिकलेला. आभाराचा एकच संदेश आला, नवखा पारजोचा. बाकीच्यांनी लिहिलं, 'वाचतोय.'

आपणही इथवर वाचलंत. हात जागचे हलले नाहीत, म्हणजे नियमाप्रमाणे आपण सदस्य झालात. सुहू व्हायला आता एकच उत्तर बाकी आहे. आणि ते काय असणार, हे आपल्याला पाठ आहेच.