धाकटे राजपुत्र घरट्यातून निघाले त्याची हकीकत

श्री पक्षरक्षिणी प्रसन्न. शके १६९७, मन्मथनाम संवत्सरी, वैशाखमासी, करवंदीच्या एका कुंपणात बुलबुलांचे राज्य होते, तेथील वर्तमान ऐसे जे, महाराज कृष्णशेंडे व राणी सगुणाबाईसाहेब यांस पुत्र तीन जाहले. घरटे वाटीएवढे आणि राजपुत्रांची भूक राज्याहून मोठी. दरबारी होलाशास्त्री म्हणोन, कबुतराच्या कुळातले, थोर विद्वान होते. चार काड्या आडव्या टाकून त्यांस ते मठ म्हणत आणि इतरांस घर कैसे राखावे ते शिकवीत. त्यांनी भर सभेत सांगितले, "भारद्वाजाचे दर्शन परम शुभ ऐसे ग्रंथी लिहिले आहे. उदईक भारद्वाज येणार. तिन्ही राजपुत्र घरट्यात ओळीने बसवावे." सभेने माना डोलावल्या. तो ग्रंथ माणसांनी लिहिला, आणि माणसाचे पोर भारद्वाजाच्या चोचीत मावत नाही, इतका विचार एकाही पंडितास शिवला नाही. बाईसाहेबांस शिवला, मागले साली त्यांचे घरटे याच शुभ दर्शनाने रिते जाहले होते.

मग प्रातःकाळीच बाईसाहेब हिरवी अळी घेऊन समोरील फांदीवर जाऊन बसल्या, आणि थोरले उडी टाकून आले, मग मधले आले, आणि महाराजांनी दोघांस आपल्या पदरी घेऊन निरनिराळ्या झुडपांत लपविले. धाकटे मात्र घरट्याचा काठ धरून राहिले.

"आऊसाहेब, येथेच भरवा ना!"

"तेथली पंगत उठली, बाळराजे. पाने इकडे मांडली आहेत."

"पण मला शेपूट कोठे आहे?"

"शेपूट मागाहून येईल. आधी तुम्ही या."

मग धाकट्यांनी डोळे मिटून अंग झोकिले आणि पंख फडफडविले, त्यास उड्डाण म्हणणे ही निव्वळ दरबारी रीत. करवंदीत आदळले, तेथून भुईवर आले, आणि टुणटुण उड्या मारीत चालते जाहले.

"पडले! राजपुत्र पडले!" शास्त्रीबोवा ओरडले. "उचला, गादीवर ठेवा!"

बाईसाहेब म्हणाल्या, "पडले नाहीत, शास्त्रीबोवा, निघाले. पहा तरी, पुढली फांदी शोधताहेत."

धाकटे जवळच्या झुडपात शिरतात न शिरतात इतक्यात हूप हूप करीत, लाल डोळे फिरवीत, भारद्वाज आले. बाईसाहेबांनी इशारतीची हाक दिली आणि तिन्ही झुडपे चिडीचूप जाहली. भारद्वाजांनी घरट्यात पाहिले, रिते. मग शास्त्रीबोवांकडे पाहिले. "मंगल... परम मंगल..." ऐसे पुटपुटत शास्त्रीबोवा पिसे गाळीत जे उडाले ते शिवेपार गेले. भारद्वाजांनी धाकटे जेथे शिरले होते ते झुडूप मुळापासून धुंडाळिले, आणि बाईसाहेबांच्या चोचीत अळी तैशीच राहिली. काही न लाभून भारद्वाज निघोन गेले. आणि मग पलीकडल्या बोरीवरून, जेथे कोणी पाहिलेही नव्हते तेथून, बारीक आवाज आला, "आऊसाहेब, अळी!"

बाईसाहेब ऐशा धावल्या की अवघे कुंपण गाऊ लागले.

सारांश, गादी रिती राहिली म्हणोन वंश राहिला. शास्त्रीबोवांनी मागाहून परतोन ग्रंथास टीप जोडली की शुभ दर्शन दुरून घ्यावे, आणि सभेने त्या टिपेस शालजोडी दिली. धाकटे सायंकाळी भावांच्या मधोमध अंगास अंग लावून बसले आणि मागे वळून वळून पाहू लागले, शेपूट आले की काय.