पहिला प्रश्न रिसबूडांचा

टाळ्या पुरत्या थांबायच्या आत रिसबूडांचं बोट वर गेलेलं असतं. हात नव्हे, बोट. शाळेत मुलं बाहेर जायची परवानगी मागतात तसं. फक्त करंगळीऐवजी तर्जनी. मग ते उठतात, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली छत्री जागेवर आहे ना ते चाचपतात आणि म्हणतात, "एक साधी शंका."

की व्यासपीठावरचे आम्ही सगळे पदाधिकारी आपापल्या चपलांकडे बघायला लागतो.

आमचा क्लब म्हणजे पुण्यातल्या निवृत्त माणसांनी इतरांची सेवा करण्यासाठी चालवलेली संस्था. सेवा आम्ही मनापासून करतो, फळ मात्र नेहमी ठरवलेलं मिळत नाही. मार्केट यार्डातल्या हमालांची नेत्रतपासणी ठेवली, तेव्हा हमालांचे डोळे ठणठणीत निघाले आणि तक्त्यावरची मधली ओळसुद्धा वाचता न येणारे आमचेच तीन सभासद सापडले. त्यातले दोघे रोज गाडी चालवत होते. येरवड्याच्या तुरुंगातल्या वाचनालयासाठी पुस्तकं गोळा केली, तर लोकांनी नेमकी घरात कुणीच न वाचलेली पुस्तकं आणून दिली. कैद्यांना काय, वेळ असतो, असं एक जण म्हणालेसुद्धा.

पण क्लबाचा जीव गुरुवारच्या व्याख्यानात. सहा वाजता एका शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात पाहुणा बोलतो आणि सात वाजता खाली बटाटेवडा मिळतो. मी कार्यक्रम-चिटणीस. सभासदांची निष्ठा या दोहोंपैकी नक्की कशावर आहे, हे मी कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. पावणेसातला वड्याचा वास जिन्यावरून वर येतो. त्यानंतर "कुणाला काही विचारायचं आहे का?" या प्रश्नाला सभागृहातून एकच प्रामाणिक उत्तर येऊ शकतं, आणि ते मोठ्यानं देण्यासारखं नसतं.

अशा वेळी बोट वर जातं ते रिसबूडांचं.

आकाश-निरीक्षण करणारे एक शास्त्रज्ञ आले होते. तासभर तारकापुंज, दीर्घिका, कोट्यवधी वर्षं. रिसबूड उठले. "एक साधी शंका. आपण रात्रभर जागून आकाश बघता. तर सकाळी घरचे आपल्याला झोपू देतात, की दूध आणायला पाठवतात?" कात्रजहून एक सर्पमित्र आले, त्यांना विचारलं, "सापाला शिंक येते का?" तो तरुण माणूस विचारात पडला. तीन आठवड्यांनी त्याचा मला फोन आला. "रिसबूडकाकांना सांगा, अजून तरी शिंकलेला नाही. लक्ष आहे." कांद्याचे एक मोठे अडते भावाच्या चढउतारावर फार चांगलं बोलले, तर यांची शंका अशी की, कांदा चिरताना आपल्याही डोळ्यांत पाणी येतं का? अडते म्हणाले, "आमच्या घरात कांदा चालत नाही." त्या दिवशी वडे थंड झाले, पण सभागृह हलेना.

एवढ्यावरून तुम्हाला वाटेल, माणूस बोलघेवडा असेल. छे! एरवी रिसबूडांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बोअरिंगला पाणी लागण्यासारखं. जन्मभर डेअरीत दूध तपासायची नोकरी केली. दुधाशी बोलावं लागत नाही. 'बरं' हा त्यांचा मुख्य शब्द. वर्गणी वाढली, "बरं." सहल रद्द झाली, "बरं." सत्तरीच्या सत्काराला त्यांच्या नावातली दोन अक्षरं गाळून मानपत्र छापलं, तेव्हाही त्यांनी ते नीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बरं."

गाडं अडलं ते हृदयाच्या सर्जनवर. शहरातलं मोठं नाव. मी सहा महिने त्यांच्या मागे होतो. भाषण संपलं, बोट वर. "एक साधी शंका. छाती उघडलेली आहे, दोन्ही हात आत आहेत, आणि आपलं नाक खाजलं. तर आपण काय करता?"

आमचे अध्यक्ष बेहेरेसाहेब निवृत्त मुख्य अभियंता आहेत. त्यांचा चेहरा पुलाला तडा गेल्यासारखा झाला. डॉक्टर मात्र हसले. त्यांच्याबरोबर अठरा वर्षं एक सिस्टर होत्या म्हणे. डॉक्टरांची भुवई हलली की नाकाची कुठली बाजू खाजवायची ते त्यांना कळायचं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी हात धुवायच्या खोलीत रडलो, असं त्या एवढ्या मोठ्या माणसानं आमच्यासमोर सांगितलं. मग इतर बोटं वर गेली आणि प्रश्न अर्धा तास चालले. पण अध्यक्षांच्या डोक्यात नाकच राहिलं.

"प्रश्नांचा दर्जा राखला पाहिजे," ते मला जिन्यात म्हणाले. "पुढच्या गुरुवारपासून प्रश्न लेखी, चिठ्ठ्यांवर. आणि रिसबूडांना तुम्ही जाऊन सांगा."

"मीच?"

"अप्रिय कामं चिटणिसांनी करायची. घटनेत आहे."

घटना मी वाचलेली नव्हती. बहुतेक त्यांनीही.

रिसबूड मुकुंदनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार मालतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं उघडलं. बाई बुटक्या, पण आवाज असा स्वच्छ की समोर उभं राहून ऐकताना आपण उगाच ताठ होतो. "कोण हवंय?" मी सांगितलं. "थांबा हं, देते," असं म्हणून त्यांनी आत वळून हाक मारली, "अहो, क्लबातून आहे!" मग पिशवी उचलून मला म्हणाल्या, "मी भाजी घेऊन येते, तोवर बोलून घ्या. तीन मिनिटांत आटपतं सगळं, माणसांना माहीत नसतं." त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंक कॉल, तीन-तीन मिनिटांचे, जोडून द्यायच्या हे मला त्या दिवशी कळलं.

मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. रिसबूड म्हणाले, "बरं."

इतक्या सहज 'बरं' म्हटल्यावर मलाच वाईट वाटलं. "राग नका मानू," मी म्हटलं, "पण अहो, असले प्रश्न विचारता तरी कशाला?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाई खाली गेल्याची खात्री करत असावेत. आणि मग रिसबूड जे बोलले, तेवढं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"एसटीडी आलं आणि हिचं ट्रंक बोर्ड बंद झालं. तेव्हा एका महिला मंडळानं हिला बोलवलं, तुमचे अनुभव सांगा म्हणून. महिनाभर तयारी केली हिनं. जेवताना मला म्हणून दाखवायची. अकरा वेळा ऐकलं मी. सभेत छान बोलली. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? कुणी काही बोलेना. एक मिनिट. दोन मिनिटं. शेवटी मागून एकीनं विचारलं, चहा आलाय का."

"मग?"

"मला विचारायचं होतं. खराखुरा प्रश्न होता माझा. पण भर सभेत नवऱ्यानं बायकोला प्रश्न विचारायचा म्हणजे... बसून राहिलो. येताना स्कूटरवर ही स्वारगेटपर्यंत गप्प. मग म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला नाही वाटतं. शेवटच्या रांगेत मी होतो. हिचा आवाज मद्रास-कलकत्त्यापर्यंत जायचा हो. त्यानंतर किती जणांनी बोलवलं, गेली नाही. बावीस वर्षं झाली."

"पण घरी विचारायचात ना!"

"घरी कसा विचारणार? प्रश्न सभेतला होता." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की यात न समजण्यासारखं काय आहे. "म्हणून इथं मी पहिला उठतो. शहाणा प्रश्न विचारायला लोकांना भीती वाटते. एकानं वेड्यासारखं विचारलं की बाकीच्यांना धीर येतो. माणूस एवढा तयारी करून येतो, त्याला तसं पाठवू नये."

"आणि तुमचा तो प्रश्न काय होता?"

"तो राखून ठेवलाय," रिसबूड म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मी घरी आलो तो स्वतःवर चिडून. पाच वर्षं मी त्या व्यासपीठावर बसून चपला बघत होतो. पाहुणे हसतमुख जातात, याचं श्रेय मी माझ्या नियोजनाला देत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मालतीबाईंना फोन केला. मुद्दाम फोनच केला. पुढच्या गुरुवारचे पाहुणे येत नाहीत, ट्रंक कॉलच्या दिवसांवर तुम्ही बोलाल का, असं विचारलं. पलीकडे इतकी शांतता झाली की मीच म्हटलं, "लाइनवर आहात ना?"

"आहे. शेवटी प्रश्नोत्तरं असतात का हो तुमच्याकडे?"

"असतात."

"ती नसतील तर येते."

आता आली का पंचाईत! पण नाही म्हटलं तर बाई फोन ठेवूनच देणार. मी कबूल केलं. रिसबूडांना क्लबात गाठून अट सांगितली. त्यांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली आणि म्हणाले, "बरं." अध्यक्षांना मात्र अट फार आवडली. चिठ्ठ्यांचा कागद वाचला.

गुरुवारी मालतीबाई गर्द निळी साडी नेसून आल्या आणि हातात एकही कागद न घेता उभ्या राहिल्या. रिसबूड नेहमीची तिसरी रांग सोडून शेवटच्या रांगेत बसले होते. का, ते मला एकट्यालाच माहीत होतं.

बाई सुरेख बोलल्या. इंदूरला दिलेल्या मुलीला फोन लावून एक गृहस्थ तीन मिनिटं फक्त 'जेवलीस का' एवढंच निरनिराळ्या सुरांत कसं विचारत, ते त्यांनी करून दाखवलं. "आम्हाला ऐकायची परवानगी नव्हती," त्या म्हणाल्या, "पण ऐकू यायचं." लोक हसले. मग पाळ्या, वायरी, कानाला बसणारे हेडफोनचे चट्टे. आणि अगदी शेवटी, "रात्रपाळी संपताना, सकाळी सहाला, लाइन तपासायला गावातला एखादा नंबर लावून बघायचा असे. कुठला लावायचा, ते जिच्या तिच्या मनावर." इथं शेवटच्या रांगेकडे त्यांनी बघितलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. "धन्यवाद," त्या म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. वड्याचा वास आलाच होता. बेहेरेसाहेब आभार मानायला उठले. पण सभागृहातला एकही माणूस उठला नाही. सगळ्यांनी सवयीनं तिसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीकडे पाहिलं, ती रिकामी होती, म्हणून मान वळवून मागे पाहिलं. रिसबूड मांडीवर हात ठेवून बसले होते. उठा हो, मी मनात म्हणत होतो, अट गेली खड्ड्यात, उठा.

बोट वर गेलं.

"एक साधी शंका."

"प्रश्नोत्तरं नाहीत असं ठरलंय," बाई माइकवरून म्हणाल्या. पण बसल्या नाहीत.

"बाई," रिसबूड म्हणाले. नवऱ्यानं बायकोला 'बाई' म्हटलेलं ऐकूनही कुणी हसलं नाही. "मी डेअरीत होतो. माझी पहाटेची पाळी. मी घरून निघायचो तेव्हा आमची मंडळी रात्रपाळीवर असायची, त्यामुळे सकाळी भेट अशी नव्हतीच. तर डेअरीच्या फाटकाशी एक फोन होता. सात वर्षं, रोज सकाळी सहाला तो वाजायचा. मी उचलायचो. एक बाई म्हणायच्या, 'लाइन तपासतेय.' मी 'बरं' म्हणायचो आणि ठेवायचो. आता मी दूध तपासणारा माणूस. रोज तपासतात त्या अर्थी काहीतरी खोट असणार, असंच मला वाटायचं. तपासायला कुठलाही नंबर चालतो, हे मला फार उशिरा कळलं. महिला मंडळाच्या सभेत. घरी अकरा वेळा ऐकलं, त्यात हे वाक्य नव्हतं." त्यांनी रुमाल काढला, पण वापरला नाही. "तर माझी शंका अशी, की आमच्या लाइनमध्ये खरंच काही खोट होती का?"

मालतीबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"लाइन उत्तम होती," त्या म्हणाल्या. "पलीकडचा माणूस एकच शब्द बोलायचा. तेवढा ऐकायला मी लावत होते." आणि मग खास पुणेरी कोरडेपणानं, "हे विचारायला तुम्हाला बावीस वर्षं लागली. ट्रंक कॉलसुद्धा एवढा वेळ घेत नव्हता हो."

छप्पर उडेल असं हसले लोक. बेहेरेसाहेब चष्मा पुसत होते. धुळीचा त्रास आहे म्हणाले. मग बोटंच बोटं वर गेली. साडेसात वाजले तरी प्रश्न संपेनात. खालून वडेवाला दोनदा वर डोकावून गेला.

निघताना मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो. रिसबूडांनी जुनी स्कूटर काढली, छत्री पुढे अडकवली. मालतीबाई मागे बसल्या आणि मला म्हणाल्या, "शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू येत होतं ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रिसबूड पुढूनच म्हणाले, "येत होतं. तेव्हाही आलं होतं."

"बरं," मालतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.