केर-चार या ट्रॅकाची बखर

जो आधी उमटतो आणि मग ऐकू येतो त्या नादास पहिले वंदन, आणि ज्यांनी कान दिले त्यांस दुसरे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध नवमी, भृगुवासर, ते दिवशी जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ लावले असल्यास बेताचेच.

एक राज्य होते, नाव कशास घ्यावे. भिंती गाद्यांनी मढविलेल्या, खिडकी एकही नाही, आणि आत बसून गाणी ध्वनिमुद्रित करावयाची, हाच राज्याचा उद्योग. गादीवर हेमांगीबाईसाहेब होत्या. त्यांचे गुरू त्र्यंबकबुवा ज्येष्ठांत निवर्तले आणि गादी बाईसाहेबांकडे आली, आणि गादीबरोबर एक अधुरे गाणेही आले. गाणार भिकाबाई. जात्यावर बसून ओव्या म्हणाव्या तर शेजारची जाती थांबत, ऐसा गळा. परंतु भाद्रपदांत त्याच गळ्यावर शस्त्रक्रिया जाहली आणि आवाज गेला तो गेलाच, कुजबुज तेवढी राहिली. मग गाणे उघडून पाहतात तो शेवटच्या कडव्यांत खोकला. बुवांनी ते कडवे पुन्हा गाऊन घेतले होते ऐसे भिकाबाई शपथेवर सांगत, पण ते सापडेना. आणि त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी गाणे धाडिले नाही तर ते कडवे दुसरी कोणी गाईल ऐसा करार. भिकाबाईंचे अखेरचे गाणे, आणि त्याची अखेर परक्या गळ्यांत, हे बाईसाहेबांस सोसेना. तीन दिवस अन्न गोड लागले नव्हते.

संगणकांत त्या गाण्याचे एकशे बारा ट्रॅक होते. ट्रॅक म्हणजे एकेका आवाजाची एकेक पट्टी, फौजेंत शिलेदार असावे तैसी. निम्म्यांस धड नाव नाही, कित्येक मुके करून ठेविलेले, आणि एकेक ऐकत बसावे तर दिवस पुरावयाचा नाही. तेव्हां निरंजनपंत कारभारी पुढे जाहले आणि म्हणाले, "बाईसाहेब, एआयचा कारकून बोलवू या. त्याला गाण्याच्या सॉफ्टवेअरात डोकावू दिलं की घटकाभरात सगळी नोंद वाचून दाखवील."

बाईसाहेब म्हणाल्या, "बुवांच्या कामात परक्यानं हात घालायचा?"

"हात त्याला आहेत कुठे?" पंत म्हणाले, आणि बाईसाहेबांस तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आले.

मग सनद लिहिली गेली, की कारकुनाने ट्रॅकाचे नाव, लांबी, मुका की बोलका, आवाज कोठे किती ठेविला, शेवटचा हात कधी लागला, हे सर्व वाचावे, आणि पुसणे, हलविणे, नाव बदलणे यांस सक्त मनाई. पंतांनी गळ घातली की पुसण्याचीही मुभा द्यावी, चुटकीसरशी सफाई होईल. बाईसाहेब म्हणाल्या, "नाही पंत. वाचू दे. पुसायचं ते आपण पुसू." आणि शब्द फिरविला नाही.

कारकुनाने पापणी लवते न लवते तोच एकशे बाराही वाचिले आणि यादी सादर केली, की एक्केचाळीस ट्रॅक निरुपयोगी दिसतात, त्यांत केर-एक ते केर-नऊ या नावांचे नऊ. संगणक तर ओझ्याने धापा टाकीत होता. बाईसाहेब उतावीळ होत्या, बोलून गेल्या, "केरच आहे तर काढा, यंत्र तरी मोकळं होईल." पंतांनी पुसावयाच्या कळीवर बोट ठेविले आणि बाईसाहेबांची नजर यादीच्या तळाशी गेली. तेथे कारकुनाने लिहिले होते, "सेवकास ऐकू येत नाही, नोंदी तेवढ्या वाचता येतात. नाव पाहता केर-चार टाकाऊ आहे. परंतु त्यांत आवाज चढता-उतरता ठेवण्याची रेघ सेहेचाळीस ठिकाणी हाताने सावरली आहे, आणि मधून मधून क्षणभर, बहुधा श्वासापाशी, ती हलकेच खाली आणिली आहे. केरास इतके कोणी जपत नाही. हुजुरांनी एकदा ऐकावे."

"पंत, बोट उचला," बाईसाहेब म्हणाल्या. बुवांची रीत त्यांस तेव्हां आठवली. ज्या गायनावर बुवांचा जीव जडे त्यास दृष्ट लागू नये म्हणोन ते ओंगळ नाव देत, मुके करीत आणि तळाशी लपवीत. शिष्या असता बाईसाहेब या रीतीस हसल्या होत्या, आणि आज आपल्याच तोंडाने पुसा म्हणाल्या होत्या.

मग केर-चार बोलका केला आणि कडवे निघाले, खोकला नाही, खरखर नाही, सबंध गळा जसाच्या तसा. भिकाबाईंस बोलावून आणिले. त्यांनी डोळे मिटून अखेरपर्यंत ऐकिले, पदराने तोंड पुसले आणि पडद्यावरचे नाव बोट लावून वाचिले. पंत ओशाळून म्हणाले, "आजी, नाव आत्ता बदलतो."

भिकाबाईंनी त्यांचा हात धरिला आणि कुजबुजल्या, "नको बाबा. माझ्याआधीची चार लेकरं गेली, म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवलं आणि उचलणारीला मूठभर कण्या देऊन परत घेतलं. तवा नाव पडलं भिकी. मी जगले. ह्यालाबी ऱ्हाऊ दे."

तात्पर्य, गाणे सूर्यास्तापूर्वी भिकाबाईंच्याच आवाजांत रवाना जाहले. कारकून राज्यांत कायम नेमिला गेला, वाचण्यापुरता, आणि त्याचे सनदेत बाईसाहेबांनी स्वहस्ते एक ओळ वाढविली, की वाईट नाव दिसल्यास आधी आम्हांस विचारावे. ट्रॅकाचे नाव अद्याप केर-चार आहे.