धनेशाची ढोली आणि काचेची कचेरी

श्री. झाडांच्या ढोलीत आणि राजांच्या मस्तकात जी एकच शक्ती नांदते तीस प्रथम वंदन करोन, आणि ही हकीकत लिहू नये म्हणोन ज्या थोरांनी सांगितले त्यांसही दुरोन मुजरा करोन, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्रमासी एका दौलतीत जे वर्तमान जाहले ते लिहितो. दौलतीचे नाव लिहीत नाही. लिहिले तर एक राजा रागावेल, न लिहिले तर सगळेच आपापली समजतील.

त्या दौलतीत रायाजीराजे राज्य करीत होते. शहराचे मध्ये त्यांच्या पूर्वजांची बाग होती आणि बागेत पणजीसाहेबांनी बांधिलेली पायऱ्यांची बारव, तिजवर कोरीव कमान, काठास दगडी मंडप आणि भोवती आंबा, उंबर, बेहडा ऐसे थोर वृक्ष होते. बागेचा सांभाळ राजांच्या आत्या गजराबाईसाहेब करीत. राजे आईवेगळे, त्यांस याच बाईंनी मांडीवर घेऊन घास भरविले होते. मग एके समयी राजे शेजारच्या दौलतीत लग्नास गेले आणि तेथे त्यांनी काचेची कचेरी पाहिली. उंच, चकचकीत, आत हिवाळा आणि बाहेर उन्हाळा. ती पाहोन राजांचे चित्त उडाले, लग्नाचे जेवणही गोड लागेना, आणि परत येताच कारभारी अंताजीपंत यांस बोलावोन म्हणाले, "पंत, आमची कचेरी अंधारी, छतातून पाली पडतात, परमुलखीचे व्यापारी येतात ते नाकास रुमाल लावोन बसतात. आम्हांस काचेची कचेरी पाहिजे." पंत म्हणाले, "सरकार, बाग मोकळीच पडली आहे."

हे शब्द आत्यासाहेबांच्या कानी गेले आणि त्या भर दरबारात येऊन म्हणाल्या, "रायाजी, बाग मोकळी नाही. तेथे राहणारे तुझ्या मुजऱ्यास येत नाहीत, इतकेच." तेव्हा पंतांनी हात जोडोन अर्ज केला की, "आत्यासाहेब, जुनेही राखावे, नवेही करावे, दोहोंचा समतोल साधावा." समतोल हा शब्द ऐकताच दरबाराने वाहवा केली, कारण त्याचा अर्थ कोणी विचारीत नसे. मग पंतांनी समतोलाची तजवीज वाचली ती ऐसी: बारव बुजवावी, पण कमान ठेवोन ती कचेरीचा दरवाजा करावी, वृक्ष पाडावे, पण त्यांची नावे दालनांस द्यावी, आणि पक्ष्यांची चित्रे भिंतींवर उत्तम रंगात काढावी, म्हणजे ते उडोनही जाणार नाहीत. राजांनी रानदारोगा हैबतराव यांस विचारिले, "बागेत जनावर, पाखरू किती?" हैबतराव म्हणाले, "सरकार, माझ्या नजरेस आजवर एकही पडले नाही." हे खरेच होते, कारण काटे लागतात म्हणोन ते बागेत कधी गेलेच नव्हते.

आत्यासाहेब म्हणाल्या, "बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली आहे. अंडी घालून तिने ढोलीचे तोंड लिंपून घेतले, चोच निघेल एवढी फट ठेवली. पिसे झडली, तिला उडता येत नाही. नर बाहेरून आणून चारतो तेव्हा ती जगते. झाड पाडाल तर आतल्या आत मरेल." पंत म्हणाले, "रीतसर सूचना देऊ. बाहेर निघण्यास मुदत देऊ." आणि खरोखरच दुसरे दिवशी बेहड्यास सरकारी शिक्क्याचा कागद डकविला गेला.

मग आत्यासाहेब बागेत गेल्या, बारवेकाठच्या मंडपातील खोलीत बसल्या आणि गवंड्यांकडून दार चिणोन घेतले, हात जाईल एवढी फट ठेविली. आतून निरोप दिला की, "मादी निघेल तेव्हा मीही निघेन. घास रायाजीने आपल्या हाताने द्यावा. दुसऱ्याचा घेणार नाही." पहिले दिवशी राजे रागाने गेले नाहीत. दुसरे दिवशी दुपारपावेतो गेले नाहीत, मग ताट समोर आले आणि त्यांच्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन स्वारी बागेत गेली आणि फटीतून हात घालून घास दिला. आतून आवाज आला, "मीठ कमी आहे." ऐसे रोज चालले. राजे घास देऊन पायरीवर टेकत, आणि समोर नर उंबरे घेऊन येई, ढोलीच्या फटीत देई, पुन्हा जाई, पुन्हा येई. राजांस वाटू लागले की तो आपल्याकडे पाहातो आणि आपण फारच थोड्या खेपा करितो.

इकडे पंतांनी राजांची मर्जी ढळू नये म्हणोन बागेच्या कडेस नमुन्याची एक थोर काच उभी करविली. राजे पाहावयास गेले तो काचेत आभाळ, झाडे आणि खासा स्वारी सर्व एकत्र दिसले आणि राजे प्रसन्न जाहले. इतक्यात नर उंबरावरोन निघाला, काचेतल्या आभाळास खरे आभाळ समजोन त्यात शिरू गेला, आणि आदळोन राजांच्या पायांपाशी पडला. चोचीत उंबर तसेच होते. पंत पुढे होऊन, काचेवर हात फिरवोन म्हणाले, "काचेस काही जाहले नाही, सरकार."

राजे तडक मंडपाकडे गेले आणि फटीस तोंड लावोन म्हणाले, "आत्यासाहेब, नर गेला." त्या आतून म्हणाल्या, "तिला आता कोण चारणार?"

"हैबतरावांस सांगतो."

"त्याला झाड दाखवायलाही माणूस लागेल."

"आत्यासाहेब, मी राजा आहे."

"तिला कुठे ठाऊक आहे ते? तिला भूक ठाऊक आहे. तू सहा महिन्यांचा होतास तेव्हा तुलाही राज्य ठाऊक नव्हते."

मग शिडी आणविली. खासा स्वारी शिडीवर आरूढ जाहली, पंतांनी खालून शिडी धरिली आणि चोपदाराने रीतीप्रमाणे ललकारी दिली, ती ऐकोन मादीने चोच आत ओढिली. राजांनी चोपदारास हाकलोन दिले. मग फटीशी उंबर धरोन उभे राहिले, हात भरोन आला, घाम डोळ्यांत उतरला, आणि फार वेळाने चोच पुढे आली, तिने आधी राजांचे बोट धरिले, रक्त काढिले, मग उंबर घेतले. राजे वरोन ओरडले, "घेतले! घेतले!" राज्याभिषेकाचे दिवशीही मुखावर ऐसा आनंद कोणी पाहिला नव्हता. तेव्हापासोन शिकारखान्यातील नामांकित शिकारी वाघाचा माग सोडोन सरडे आणि टोळ धरू लागले, दरबार बेहड्याखाली भरू लागला, आणि परमुलखीचे व्यापारी आले त्यांस सांगण्यात आले की महाराज झाडावर आहेत. ते बारवेच्या थंड पायऱ्यांवर बसोन राहिले आणि नाकास रुमाल लावण्याचे विसरले. काच राजांनी त्याच आठवड्यात उतरविली. पंत कष्टी होऊन म्हणाले, "सरकार, मग समतोलाचे काय?" राजे म्हणाले, "रोज शिडीवर सांभाळतो आहे, पंत. तुम्ही नीट धरा."

कचेरीची गरज मात्र खरीच होती, म्हणोन बागेबाहेर हत्तीखाना ओस पडला होता तो साफ करोन, छत नवे घालोन, जाळीच्या खिडक्या ठेवोन तेथे कचेरी केली. एका दालनाच्या आढ्यास घुबडे होती, ती तशीच राहू दिली आणि दालन हैबतरावांस दिले, की एखादे तरी पाखरू त्यांच्या नजरेस पडावे.

ज्येष्ठमासी मादीने लिंपण फोडिले आणि बाहेर फांदीवर बसली. मागोमाग पिल्लू आले. मादीने हाक दिली आणि वाट पाहिली, पुन्हा हाक दिली. पंत काही बोलू लागले तो राजांनी हात वर केला. मग ती पिल्लास घेऊन उंबराकडे गेली. गवंड्यांनी मंडपाचे दार उघडिले, आत्यासाहेब उजेडात आल्या, डोळे मिटोन क्षणभर राजांच्या खांद्यास धरोन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे." राजांस रडू आले, ते दरबाराने रीतीप्रमाणे पाहिले नाही.

येणेप्रमाणे बाग राहिली, बारव राहिली, कचेरीही जाहली. हा समतोल अंताजीपंतांनी आपल्या बुद्धीने साधिला ऐसी शिळा त्यांनी हत्तीखान्याचे दारी बसविली आहे, अक्षर सुरेख आहे. पिल्लास बाप राहिला नाही, हे लिहिण्यास शिळेवर जागा उरली नाही, म्हणोन येथे लिहिले.